हजार सामन्यांची चाकरी

इंग्लिश फुटबॉलच्या वार्ता आपल्या वृत्तपत्रांत आता नित्य येतात, आणि त्या वाचणाऱ्याचा असा समज होणे स्वाभाविक आहे की, लंडन, मँचेस्टर आणि लिव्हरपूल येथील पाच-सहा धनाढ्य क्लब आणि त्यांचे कोट्यधीश खेळाडू म्हणजेच तो खेळ. वस्तुतः प्रीमियर लीगच्या 20 क्लबांखाली प्रत्येकी 24 क्लबांच्या आणखी तीन श्रेणी आहेत, आणि या 92 क्लबांपैकी बहुसंख्य क्लब ज्या मध्यम आकाराच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले, त्या गावांत शनिवारी दुपारी भर पावसात मैदानावर उतरणारा, ज्याचे नाव परगावच्या माणसाने क्वचितच ऐकलेले असते असा खेळाडू हा त्या साऱ्या इमारतीचा पाया आहे. अशा खेळाडूची कारकीर्द ही सार्वजनिक आदराला पात्र अशी गोष्ट आहे, आणि ती ज्या व्यवस्थेमुळे शक्य होते त्या व्यवस्थेचे रक्षण करणे हे क्लबांच्या मालकांचे कर्तव्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या मालकांत पुण्यातील एक घराणेही असल्यामुळे हा विषय मराठी वाचकांपुढे मांडणे अप्रस्तुत ठरू नये.

माझ्या डोळ्यांपुढे जो खेळाडू आहे तो ग्रॅहॅम अलेक्झांडर. 1971 साली कॉव्हेंट्रीत जन्मलेला हा मुलगा लिंकनशायरमधील स्कन्थॉर्प या पोलादाच्या गावी शिकाऊ खेळाडू म्हणून रुजू झाला, 1990-91 च्या हंगामात चौथ्या श्रेणीच्या त्या संघातून प्रथम खेळला आणि 2012 पर्यंत खेळतच राहिला. 1995 मध्ये ल्यूटन, 1999 च्या मार्चमध्ये प्रेस्टन, 2007 मध्ये बर्नली आणि 2011 मध्ये पुन्हा प्रेस्टन, अशा, स्कन्थॉर्प धरून, चार गावांत त्याने एकवीस वर्षांची चाकरी इमानेइतबारे केली. डेव्हिड मॉइस या तेव्हाच्या तरुण व्यवस्थापकाने त्याला प्रेस्टनला आणले, तेव्हा त्याच्यासाठी मोजलेली रक्कम अवघी 50 हजार पौंड होती. आणि 2011 साली, बर्नलीच्या पोषाखात, त्याच्या व्यावसायिक सामन्यांची संख्या एक हजारावर गेली. गोलरक्षकाचे आयुष्य दीर्घ असते, म्हणून त्यांच्यात असे आकडे आढळतात. परंतु गोल सोडून मोकळ्या मैदानात धावणाऱ्यांत, इंग्लंडच्या सव्वाशे वर्षांच्या व्यावसायिक इतिहासात, हा टप्पा गाठणारे जवळजवळ नाहीतच. ग्रिम्सबीचा टोनी फोर्ड हा त्यांतील अग्रणी, आणि तोही कारकिर्दीचा मोठा भाग खालच्या श्रेणींतच काढलेला खेळाडू, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

हजार सामने म्हणजे काय, याची कल्पना येण्यास त्या नोकरीच्या अटी पाहिल्या पाहिजेत. खालच्या श्रेणींतील प्रत्येक संघ ऑगस्टपासून मेपर्यंत 46 साखळी सामने खेळतो, त्यांत चषकस्पर्धांची भर पडते, आणि डिसेंबर-जानेवारीच्या चिखलात आठवड्याला दोन सामने ही मामूल गोष्ट असते. करारनामा बहुधा एका किंवा दोन वर्षांचा असून त्याची मुदत 30 जून रोजी संपते. आणि हंगाम आटोपताच क्लब एक यादी प्रसिद्ध करतो, जिला तेथे रिटेन्ड लिस्ट म्हणतात. त्या यादीत ज्याचे नाव नाही त्याने गुडघ्यावरील शस्त्रक्रियेची खूण, घराचे हप्ते आणि शाळेत जाणारी मुले घेऊन दुसऱ्या गावी, दुसऱ्या व्यवस्थापकाच्या मर्जीवर, नवी बेगमी करावयाची असते. 1961 पर्यंत आठवड्याला 20 पौंड ही वेतनाची कमाल मर्यादा होती. जिमी हिल याच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या संघटनेने ती मोडून काढली. जॉर्ज ईस्टहॅम याने न्यूकॅसलविरुद्ध लढवलेल्या खटल्यात 1963 साली न्यायालयाने, मुदत संपल्यावरही खेळाडूला बांधून ठेवण्याची जुनी वहिवाट बेकायदा ठरवली, आणि 1995 च्या बॉस्मन निकालाने, मुदत संपलेल्या खेळाडूला मोबदल्याविना दुसरीकडे जाण्याची मुभा देऊन, उरलासुरला दोर कापला. या मुक्तीचा लाभ वरच्यांना अपरंपार झाला, यात शंका नाही. परंतु तळच्या खेळाडूपुरते पाहिले तर त्याला सोडून देणे क्लबलाही तितकेच सोपे झाले. म्हणून त्याच्या बाबतीत टिकून राहणे हेच कौशल्याचे अखेरचे प्रमाण होय, असे मला वाटते.

अलेक्झांडरने आपल्या उमेदीची बहुतेक वर्षे उजव्या बाजूच्या बचावात घालवली, आणि ज्या वयात पायांची गती उतरणीला लागते त्या वयात बर्नलीचे व्यवस्थापक ओवेन कॉइल यांनी त्याला बचावफळीच्या पुढे, मधल्या फळीच्या मध्यभागी उभे केले. ही जागा अशी आहे की, तेथील उत्तम काम प्रेक्षकाला दिसतच नाही. प्रतिपक्षाचा पास जेथे पडावयाचा तेथे आधीच जाऊन उभे राहणे, आपला बचावपटू पुढे गेला की त्याची मोकळी जागा न सांगता भरणे, चेंडू मिळताच तो साध्यातल्या साध्या मार्गाने सहकाऱ्याच्या स्वाधीन करणे, आणि कोणता फाउल करावा व कोणता टाळावा याचा निवाडा क्षणार्धात करणे, या साऱ्यासाठी वेगापेक्षा स्मरण लागते. आणि ज्याने स्कन्थॉर्पपासून शेकडो दुपारी हेच प्रसंग निरनिराळ्या रूपांत पाहिले, त्याच्यापाशी ते स्मरण देहातच मुरलेले असते. प्रशिक्षणशाळेत हे शिकवता येईल असे जे म्हणतात, त्यांच्याशी मी सहमत नाही. ते फक्त सामन्यांतून येते, आणि असे सामने तरुण खेळाडूला खालच्या श्रेणीवाचून अन्यत्र मिळत नाहीत.

या दीर्घ सेवेचे फळ त्याला उशिरा मिळाले. वर चढण्यासाठी जे प्ले-ऑफ सामने होतात, त्यांच्या अंतिम फेरीत 2001 साली बोल्टनने त्याच्या प्रेस्टनला 3-0 असे हरवले, आणि 2005 साली वेस्ट हॅमने पुन्हा एका गोलाने दार लावले. तिशी गाठल्यावर, कुळाच्या नात्याने, तो स्कॉटलंडकडून खेळू लागला आणि 40 सामने खेळला; 2007 च्या सप्टेंबरात पॅरिसमध्ये, आदल्याच वर्षी जागतिक चषकाच्या अंतिम सामन्यात खेळलेल्या फ्रान्सला स्कॉटलंडने 1-0 असे नमवले, तेव्हा डाव्या बचावात उभा असलेला पस्तीस वर्षांचा खेळाडू हाच होता. मग 2009 च्या मे महिन्यात बर्नली आणि रेडिंग यांच्यातील प्ले-ऑफ उपान्त्य फेरीच्या पहिल्या सामन्यात, शेवटच्या काही मिनिटांत मिळालेली पेनल्टी घेण्यासाठी तो पुढे झाला. लांबून धावत येऊन सर्व बळ एकवटून मारण्याची त्याची रीत सर्वश्रुत होती आणि ती क्वचितच चुकत असे. त्या एका गोलाने बर्नलीने तो सामना जिंकला. पुढे वेम्ब्लीवरील अंतिम सामन्यात वेड एलियट याच्या गोलाने शेफिल्ड युनायटेडचा पराभव झाला, आणि 33 वर्षांच्या वनवासानंतर पाऊण लाखाच्या आसपास वस्तीचे ते गाव सर्वोच्च श्रेणीत परतले. ऑगस्टमध्ये स्टोकविरुद्ध अलेक्झांडर प्रीमियर लीगचा पहिला सामना खेळला, तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता. त्याच आठवड्यात त्याच्या क्लबाने विद्यमान विजेत्या मँचेस्टर युनायटेडला आपल्या मैदानावर 1-0 असे हरवले. वर्षअखेर बर्नली पुन्हा खाली गेले हे खरे. पण त्या गावातील माणसांना ते एक वर्ष तुटपुंजे वाटले नसेल.

शेवटचा सामनाही नोंदवण्याजोगा आहे. 28 एप्रिल 2012 रोजी प्रेस्टनच्या डीपडेल मैदानावर चार्लटनविरुद्ध तो अखेरच्या काही मिनिटांसाठी बदली खेळाडू म्हणून उतरला, आणि नियमित वेळ संपल्यावर मिळालेल्या फ्री किकवर त्याने थेट गोल करून 2-2 अशी बरोबरी साधली. चाळिशीत शिरलेल्या माणसाने आपल्या अखेरच्या लाथेने हा गोल केला म्हणून डीपडेल त्या दिवशी गर्जले, आणि त्या गर्जनेत पैशाने विकत घेता येईल असे काहीही नव्हते.

हे सारे प्रेस्टन-बर्नलीच्या लँकेशायर परगण्यात घडले हा योगायोग मला वाटत नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, 1861 ते 1865 या वर्षांत, जेथील गिरण्यांनी खानदेश-वऱ्हाडच्या आखूड धाग्याच्या कापसावर कसेबसे दिवस काढले, त्याच गावांत शनिवारच्या अर्ध्या सुटीतून हा खेळ कामगारांचा झाला. खेळण्याबद्दल मोबदला घेणे तेव्हा अप्रतिष्ठेचे मानले जाई. प्रेस्टनच्या विल्यम सडेल या गिरणीच्या व्यवस्थापकाने 1884 मध्ये आपण खेळाडूंना पैसे देतो असे उघडपणे मान्य केले, आणि पुढच्याच वर्षी फुटबॉल असोसिएशनला वेतनास मान्यता द्यावी लागली. कामाच्या वेळेचा मोबदला मिळालाच पाहिजे, हा गिरणीतला न्याय मैदानावर लागू झाला. 1888 साली स्थापन झालेल्या लीगच्या बारा मूळ सभासदांत प्रेस्टन, ब्लॅकबर्न आणि बर्नली ही एकाच रेल्वेमार्गावरील तिन्ही गावे होती, आणि पहिल्याच हंगामात प्रेस्टनने एकही साखळी सामना न गमावता विजेतेपद मिळवले. नळजोडणीचा धंदा सांभाळून खेळणारा टॉम फिनी याच प्रेस्टनचा. अशा मातीत, रोज कामावर हजर राहणे हाच मोठेपणा मानणारा खेळाडू निपजावा, यात नवल नाही.

ती माती आता धुपू लागली आहे. इंग्लंडमधील प्रक्षेपणाच्या हक्कांपोटी प्रीमियर लीगला चार हंगामांसाठी 6.7 अब्ज पौंड मिळावयाचे आहेत, आणि त्यातून खालच्या तीन श्रेणींना किती द्यावे यावर वर्षानुवर्षे घोळ चालू आहे. 2012 साली तरुण खेळाडूंच्या प्रशिक्षणाची जी नवी योजना आली, तिने मोठ्या क्लबांना लहान क्लबांकडील मुले ठरलेल्या माफक मोबदल्यात नेण्याची मोकळीक दिली. परिणामी काही क्लबांना मुलांचे प्रशिक्षण चालवणेच आतबट्ट्याचे वाटू लागले, आणि 2016 साली ब्रेंटफर्डने आपले केंद्र बंद केले. सर्वांत दुःखद प्रसंग बरी या गावाचा. 1885 साली स्थापन झालेला, एफए चषक दोनदा जिंकलेला हा क्लब मालकाच्या आर्थिक बेबंदीमुळे ऑगस्ट 2019 मध्ये लीगमधून काढून टाकण्यात आला, आणि ज्या करारनाम्यांवर घरे चालत होती त्यांचे क्षणात कागद झाले. यानंतर कुठे शासन जागे झाले आणि 2025 मध्ये फुटबॉलच्या कारभाराचा कायदा होऊन स्वतंत्र नियामक नेमला गेला. क्लब चालवण्यास परवाना, मालकाच्या पात्रतेची चौकशी आणि प्रेक्षकांचा सल्ला घेण्याचे बंधन या त्यातील तरतुदी मला पूर्णतः न्याय्य वाटतात. उत्पन्नाच्या वाटपाचा तंटा निकाली काढण्याचा नियामकाला दिलेला अधिकार मात्र त्याने संकोच न करता वापरला पाहिजे.

येथे पुण्याचा संबंध येतो. नोव्हेंबर 2010 मध्ये व्यंकटेश्वरा हॅचरीज या पुण्याच्या समूहाने ब्लॅकबर्न रोव्हर्स विकत घेतला. 1995 साली प्रीमियर लीग जिंकलेला हा क्लब तेव्हा वरच्या श्रेणीत स्थिर होता. नव्या मालकांनी महिन्याभरात सॅम ॲलर्डाइस या अनुभवी व्यवस्थापकाला दूर केले; 2012 मध्ये क्लब खाली उतरला, त्यापुढच्या एका हंगामात व्यवस्थापकाची खुर्ची इतक्या वेळा रिकामी झाली की हेनिंग बर्ग यांना अवघे 57 दिवस मिळाले, आणि 2017 मध्ये तिसऱ्या श्रेणीपर्यंत घसरण झाली. शेजारच्या बर्नलीत एक मनुष्य हजाराव्या सामन्यापर्यंत पोचत असता ब्लॅकबर्नमध्ये धोरण ऋतूगणिक बदलत होते, हा विरोध मला अस्वस्थ करतो. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, मालकांनी वर्षानुवर्षे तोटा सोसला, 2018 साली क्लब पुन्हा दुसऱ्या श्रेणीत चढला, आणि प्रशिक्षणकेंद्र प्रथम दर्जाचे राखले गेले. ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेला, बालपणापासून त्याच केंद्रात वाढलेला ॲडम व्हॉर्टन हा मधल्या फळीचा खेळाडू 2024 साली इंग्लंडच्या राष्ट्रीय संघात पोचला. एका गावाचा क्लब आपल्या गावचा मुलगा घडवू शकतो, याचे हे ताजे प्रमाण आहे, आणि त्याचे श्रेय मालकांना नाकारता येणार नाही.

म्हणूनच त्यांच्याकडे मागणे करण्यात अर्थ आहे. अलेक्झांडरने खेळ सोडल्यावरही बहुतांशी खालच्या श्रेणींतच व्यवस्थापक म्हणून काम पत्करले आणि 2025 च्या मे महिन्यात ब्रॅडफर्ड सिटीला सहा वर्षांनी चौथ्या श्रेणीतून वर काढले. ज्ञान जेथे मिळाले तेथेच ते परत करण्याची ही रीत ब्लॅकबर्ननेही स्वीकारावी. व्यवस्थापकाला पुरेशी मुदत द्यावी, अनुभवी खेळाडूंना नव्या मुलांच्या सोबत ठेवावे, आणि पुढील पाच वर्षांत प्रशिक्षणकेंद्रावर किती खर्च करणार, हे लेखी जाहीर करावे. नियामकाची सक्ती होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. मालकांनी ईवुड पार्क या ब्लॅकबर्नच्या मैदानावरील प्रेक्षक-प्रतिनिधींना वर्षातून दोनदा समोरासमोर भेटावे, आणि त्या भेटींचे इतिवृत्त लँकेशायरच्या वृत्तपत्रांप्रमाणे पुण्याच्या वृत्तपत्रांनाही द्यावे.