परिवीक्षा कुणासाठी?

गुन्हा सिद्ध झाला तरी माणसाला तुरुंगात न धाडता देखरेखीखाली समाजातच सुधारू द्यावे, हे १९५८ च्या गुन्हेगार परिवीक्षा कायद्याचे तत्त्व होय. देहान्त वा जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात दोषी इसमास लगेच शिक्षा न सुनावता, तीन वर्षांपर्यंतच्या सद्वर्तनाच्या बंधपत्रावर सोडण्याची मुभा कलम ४ न्यायालयास देते. तत्त्व उदात्त आहे. परंतु त्याच कलमाच्या परंतुकात त्याचा गळा आवळलेला आहे: गुन्हेगाराला किंवा त्याच्या जामीनदाराला कायम निवासस्थान अथवा नियमित व्यवसाय असल्याची खात्री पटल्याखेरीज न्यायालयाने त्यास सोडू नये!

मग सोडायचे कुणाला? मालकाच्या गल्ल्यात हात घालणाऱ्या, पण बापाचे घर असलेल्या कारकुनाला. फडाफडावर हिंडणारा ऊसतोड मजूर, पुलाखाली निजणारा बिगारी, गावाने वेशीबाहेर ठेवलेला पारधी यांनी कोणते निवासस्थान दाखवावे? ज्या कायद्याने भटक्यांच्या भटकेपणालाच गुन्हा ठरविले, तो १९५२ साली रद्द झाला. त्याची दृष्टी मात्र या परंतुकात शाबूत राहिली.

असा माणूस पुन्हा शोधायचा कोठे, असे विचारले जाते. त्यासाठीच तर परिवीक्षा अधिकारी नेमलेला असतो! शिवाय बंधपत्राच्या मुदतीत माणूस जेथे राहण्याचा संभव आहे ते ठिकाणही कायद्याला चालते. मनात असेल त्या न्यायाधीशाला वाट आहे. पण गरिबाचे स्वातंत्र्य न्यायाधीशाच्या मनावर का टांगून ठेवावे?

सवलत काढून घेण्याची तऱ्हाही पाहा. अटीचा भंग झाला की कलम ९ अन्वये समन्स वा थेट वॉरंट, आणि भंग शाबीत झाल्यास मूळ गुन्ह्याची शिक्षा. पहिल्या चुकीला पन्नास रुपयांपर्यंत दंडावर निभावता येते. तो मुदतीत न भरल्यास पुन्हा मूळ शिक्षेचा मार्ग मोकळा. रोजगारासाठी मुलूख बदलणाऱ्याच्या हातून अट मोडते ती पोटापायी, उद्दामपणाने नव्हे. हा भेद करण्याचे बंधन कलम ९ मध्ये कोठेही नाही.

वसाहतवादी कायदे गाडल्याचे ढोल पिटत १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अंमलात आली. इंग्रजांच्या १८९८ च्या संहितेतली निवासस्थानाची अट तिच्या कलम ४०१ मध्ये जशीच्या तशी विराजमान आहे.

परंतुक रद्द करा, ही आपली मागणी असली पाहिजे. तोवर कार्यकर्त्यांनी तालुका न्यायालयात उभे राहावे. एकवीस वर्षांखालील प्रत्येक आरोपीसाठी कलम ६ खालील परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावयास लावावा, आणि तुरुंगच द्यावयाचा असेल तर त्याची कारणे लेखी घ्यावीत.