यंदा तरी!

ऑगस्ट सरत आला की अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात लाल सदरे बाहेर निघतात आणि ‘यंदा तरी’ हे दोन शब्द घरोघरी ऐकू येऊ लागतात. लिंकन येथील विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा नवा हंगाम जवळ आलेला असतो. (नाव फुटबॉल, चेंडू मात्र बहुधा हातातच!) १९७० ते १९९७ या काळात पाचदा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविणाऱ्या या संघाच्या पदरी २०१७ पासून २०२३ पर्यंत सलग सात हंगाम विजयांपेक्षा पराभवच अधिक पडले. तरीही १९६२ च्या नोव्हेंबरपासून तेथील सामन्यांची तिकिटे संपत आली आहेत. मध्यंतरी उरलीसुरली तिकिटे देणगीदारांना उचलावी लागली हे खरे. पण म्हणून सामान्य चाहत्याची निष्ठा उणी ठरत नाही. मृगाकडे डोळे लावून बसणाऱ्या शेतकऱ्याच्याच जातीची ती आहे.

महाविद्यालयीन खेळाडूंना २०२१ पासून आपल्या नावलौकिकावर पैसे मिळविण्याची मुभा मिळाली. २०२५ पासून विद्यापीठेही त्यांना थेट मोबदला देऊ लागली. हे न्याय्यच झाले. त्यांच्या घामावर इतरांनी वर्षानुवर्षे कमाई केली होती. संघ बदलणेही आता सुलभ झाले आहे. त्यामुळे यंदाचा लाडका खेळाडू पुढील वर्षी प्रतिस्पर्ध्याच्या गोटात दिसू शकतो. या नव्या व्यवहारात प्रत्येकाचा हिशेब मांडला जातो, चाहत्याचा तेवढा गृहीत धरला जातो. वाढत्या खर्चाची तोंडमिळवणी करण्यासाठी तिकिटांच्या दराकडे पाहणाऱ्या विद्यापीठांनी, पडत्या काळातही जागा न सोडणारा हा प्रेक्षक प्रथम आठवावा.