आईची गादी आणि पंचाहत्तर वॅट

जळगाव जामोद म्हटलं की पुण्यातले मित्र हमखास म्हणतात, "अरे वा, केळी!" नाही हो.. ते खानदेशातलं जळगाव. आमचं बुलढाणा जिल्ह्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं. शेजारच्या जामोदचं नाव शेपटीसारखं लावलेलं, ते याच घोळासाठी. उन्हाळ्यात हे गाव इतकं भाजून काढतं की आम्हाला थंडीही वाजते हे कुणाला पटतच नाही. पण डिसेंबरात रात्री सातपुड्याकडून वारं सुटलं की फरशीवर पाय ठेववत नाही, आणि गादीत शिरलं की पहिला अर्धा तास माणूस नुसता आखडून पडतो.

आईचं वय आता चौऱ्याहत्तर, वर पंधरा वर्षांची शुगर. दोन वर्षांपूर्वी तिच्यासाठी एक इलेक्ट्रिक अंथरूण घेतलं. म्हणजे गादीवर पसरायचं, त्यावर चादर टाकायची आणि बटण दाबायचं. आईचं म्हणणं ठरलेलं, "मले काय धाड भरली? दोन गोधड्या हायेत ना!" आधी खोलीसाठी हीटर घ्यायचा विचार होता. पण हिशोब साधा आहे. दोन हजार वॅटचा हीटर तासाला दोन युनिट खातो आणि तापवतो काय, तर छत. एका माणसाचं अंथरूण पंचाहत्तर वॅटच्या आसपास. रात्रभर आठ तास चालू ठेवलं तरी 0.6 युनिट. दहा रुपये युनिट धरा, सहा रुपये झाले. खोली तापवण्यापेक्षा माणूस तापवणं स्वस्त, हे आपल्या आज्यांना माहीत होतंच की. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायच्या, ती काय वेगळी होती? फरक एवढाच की शेगडीजवळ कुणीतरी बाई जागी असायची.

तर मी शहाणपणा करून सगळ्यात स्वस्त घेतलं. मऊ कापड, तीन पायऱ्यांचं सरकतं बटण, बस्स. जानेवारीतल्या एका रात्री आईने साडेनऊला बटण सरकवलं आणि लाइट गेली. ती गोधडी ओढून झोपली. मध्यरात्री कधीतरी लाइट आली, आणि बटण सरकवलेलंच असल्याने अंथरूण आपोआप पुन्हा तापायला लागलं. सकाळी सहापर्यंत. आईला काही कळलंच नाही, कारण शुगरमुळे तिच्या पायांची संवेदना कमी झालीय. पोटरीवर तळहाताएवढा लाल डाग आणि त्यात एक फोड. डॉक्टरांनी महिनाभर ड्रेसिंग करायला लावलं. शुगरवाल्या पायाला जखम म्हणजे काय असतं ते घरात ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको.

मी आपलं तेच अंथरूण पुण्याला आणून त्यावर स्वयंपाकाचा थर्मामीटर ठेवला, वर रजई टाकली. दोन तासांनी वरच्या पायरीवर 47 अंश. तुम्ही म्हणाल, चहा याहून गरम पितो आपण! पण इथे प्रश्न वेळेचा आहे. 1947 साली मॉरिट्झ आणि हेन्रिकेस या दोन संशोधकांनी मोजून दाखवलं होतं की 44 अंशाचा स्पर्शसुद्धा साधारण सहा तास राहिला तर कातडी भाजते. त्यापुढे दर अंशाला तो वेळ जवळपास निम्मा होत जातो. म्हणजे 47 ला पाऊण तास! धडधाकट माणूस त्याआधीच कूस बदलतो. आई बदलत नाही.

त्यात आपल्याकडचं व्होल्टेज. साध्या तारेची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 230 च्या जागी 260 आलं तर पंचाहत्तर वॅटचे शहाण्णव होतात. आणि व्होल्टेज चढतं कधी, तर मध्यरात्री, गाव झोपल्यावर. (संध्याकाळी 180 ला तेच अंथरूण शेहेचाळीस वॅटवर कुडकुडतं आणि आपण वैतागून बटण वरच्या पायरीला नेतो.. असो.)

त्यामुळे माझं मत आता पक्कं आहे. कापड किती मऊ, रिमोट आहे का, पायऱ्या तीन की दहा, यावर एक रुपया जास्त देऊ नका. पैसे द्या ते आपोआप बंद होण्याला. दुकानात एकच परीक्षा घ्या: चालू करा, प्लग काढा, परत घाला. आपोआप चालू झालं तर तिथेच ठेवून या, मग ते कितीही स्वस्त असो. नवं घेताना दुकानदार माझ्याकडे वेड्यासारखा बघत होता, पण तीनपैकी दोन तिथेच नापास झाली :) जे घेतलं ते जुन्याच्या पाचशे रुपये वर पडलं. वेळ संपली की बंद होतं, आणि लाइट जाऊन आली तर बंदच राहतं.

डबल बेडचं घेऊ नका. बाबांना ऊब नको असते, आणि एकाच बटणावर दोन माणसांचं जमत नाही. घडी घालून वर गाद्यांची चळत रचू नका, आतली तार मोडते, गुंडाळून ठेवा. उंदरांचाही बंदोबस्त करा. आमच्या घरात अर्थिंग म्हणजे एक अफवाच होती, तेव्हा त्याच फेरीत वायरमनकडून ते करून घेतलं आणि 30 मिलिअँपिअरचा ब्रेकर बसवला. अंथरुणापेक्षा त्याचाच खर्च जास्त झाला, पण तोंड वाकडं केलं नाही.

आणि मुळात रात्रभर चालू ठेवायची गरजच नाही. झोपलेला माणूस स्वतःच सत्तर-ऐंशी वॅट उष्णता देत असतो. म्हणजे आई स्वतःच एक अंथरूण आहे! गोधडीत ती ऊब कोंडून राहते. अडचण फक्त सुरुवातीच्या गार गादीची. जेवण झाल्यावर अर्धा तास लावायचं आणि अंगावर गोधडी घेण्याआधी प्लग काढायचा. खर्च चाळीस पैशांच्या आत.

प्लग काढायचं काम बाबांकडे आहे. रोज रात्री दहाला मी फोन करतो. "काढला का?" "काढला रे बाप्पा, झोप आता." मग मागून आईचा आवाज येतो, "त्याले सांगा, गोधडीच बरी होती."