सुरुवातीचा वेग शून्यच का धरायचा?

नववीच्या विज्ञानातील ‘गतीचे नियम’ हा पाठ तुम्हांला ठाऊक आहेच. त्यातील उदाहरणे सोडवताना एक वाक्य वारंवार भेटते : ‘गाडी स्थिर अवस्थेतून निघते.’ ते वाचले की आपण सुरुवातीचा वेग शून्य लिहितो आणि पुढे सरकतो. हळूहळू तशी सवयच जडते. माझ्या मते या पाठातील सर्वांत महत्त्वाची राशी हीच आहे आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

‘सुरुवात’ म्हणजे वस्तू हलू लागली तो क्षण, असे नाही. ज्या क्षणापासून आपण गतीचा हिशेब मांडतो तो क्षण म्हणजे सुरुवात. नागपूरहून निघालेल्या मोटारीने कारंज्याजवळ ब्रेक लावला, तर ब्रेकच्या गणितातील सुरुवात कारंज्याजवळची, नागपूरची नव्हे. तेथे वेग शून्य नसतो; तो शेवटी शून्य व्हायचा असतो.

हे उदाहरण वाशीम जिल्ह्यातील मुलांना परके नाही. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग त्यांच्या कारंजा, मंगरूळपीर व मालेगाव या तालुक्यांतून जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. मोटारींसाठी तेथे ताशी १२० किलोमीटर ही वेगमर्यादा आहे. आता प्रश्न असा : एखाद्या रस्त्यावर टायर घासल्याचे काळे पट्टे दिसले, तर ब्रेक लावताना गाडीचा वेग किती होता हे सांगता येईल काय?

येईल. आपले तिसरे समीकरण असे : अंतिम वेगाचा वर्ग = सुरुवातीच्या वेगाचा वर्ग + २ × त्वरण × अंतर. चांगल्या कोरड्या रस्त्यावर चाके घट्ट अडकून गाडी घसरली, तर घर्षणामुळे तिचा वेग दर सेकंदाला सुमारे ७ मीटर प्रति सेकंद इतका घटतो. म्हणजे त्वरण ऋण आहे. गाडी शेवटी थांबली, म्हणून अंतिम वेग शून्य. तेव्हा सुरुवातीच्या वेगाचा वर्ग = २ × ७ × पट्ट्याची लांबी.

पट्टा १४ मीटर असेल, तर वर्ग १९६ आणि वेग सेकंदाला १४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ५० किलोमीटर. पट्टा ५६ मीटर असेल, तर वर्ग ७८४ आणि वेग सेकंदाला २८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १०० किलोमीटर. वेग दुप्पट झाला, पण थांबायला लागणारे अंतर चौपट झाले!

आणखी एक हिशेब करून पाहा. ताशी १०० आणि ताशी १२० किलोमीटर वेगाच्या दोन गाड्यांनी एकाच ठिकाणी, सारख्याच जोराने ब्रेक लावले. पहिली जेथे थांबेल तेथे दुसरीचा वेग किती असेल? पुष्कळजण २० म्हणतील. पण १२० च्या वर्गातून १०० चा वर्ग वजा केला की ४,४०० उरतात आणि त्याचे वर्गमूळ सुमारे ६६ येते. पहिली गाडी थांबली, तेथे दुसरी अजून ताशी ६६ किलोमीटर वेगाने धावते आहे! वेगमर्यादा का पाळावी, हे कोणत्याही फलकापेक्षा हे वर्गमूळ अधिक स्पष्टपणे सांगते.

अर्थात उत्तर काढताना आपण काय गृहीत धरले, याचे भान हवे. रस्ता ओला असेल, तर घर्षण कमी होते आणि ७ हा आकडा चालत नाही. गाडी पट्ट्याच्या शेवटी कशावर तरी आदळली असेल, तर अंतिम वेग शून्य धरणेही चूक. १४ मीटर घसरल्यावरही तिचा वेग सेकंदाला १४ मीटर उरला असेल, तर सुरुवातीच्या वेगाचा वर्ग १९६ + १९६ = ३९२ होतो आणि वेग ताशी ५० नव्हे, तर सुमारे ७१ किलोमीटर निघतो. एका शून्याने केवढा फरक पडला!

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे की, सुरुवातीचा वेग दिलेला नसून तो शोधून काढावा लागेल, अशी उदाहरणे वर्गात अधिक द्यावीत आणि उत्तराबरोबर गृहीत गोष्टीही लिहायला लावाव्यात. त्यासाठी महामार्गावर मुळीच जायला नको. शाळेचे मैदान पुरे. एकाने चेंडू सरळ वर फेकून त्याच उंचीवर झेलावा. चार-पाच जणांनी घड्याळावर वेळ मोजून सरासरी काढावी. चेंडूला वर जायला यातील निम्मी वेळ लागते. तिला ९.८ ने गुणले की फेकतानाचा वेग मिळतो. चेंडू २ सेकंदांनी हातात आला, तर तो वेग सेकंदाला ९.८ मीटर होता.

हातातून चेंडू सुटतानाचा वेग कोणी पट्टीने मोजलेला नसतो. तरीही तो नेमका काढता येतो, हे ज्या मुलाने एकदा स्वतः अनुभवले, तो पुढच्या उदाहरणात न विचारता शून्य लिहिणार नाही.