होळकरांचा ‘ळ’ आणि यंत्राची सबब

इंदूरचे मल्हारगंज मल्हारराव होळकरांची आठवण देते. हिंदी पाट्यांवर मात्र ते ‘होलकर’ होतात. सीमाभागातही आम्ही हेच पाहतो. विचारले की उत्तर मिळते, ‘यंत्रात अक्षर नाही.’

ही सबब एकेकाळी खरी होती. शिशाच्या छपाईत जोडाक्षरांसाठी शेकडो खिळे लागत. निर्णयसागरने ते सुबक पाडले. पण टंकयंत्राच्या मोजक्या कळांत नागरी मावेना. सावरकरांनी ‘अि, अी’ सुचवले, तेही छपाईच्या सोयीसाठी.

आज संगणकात ‘ळ’ आहे. ‘ॲ’ही २००८ साली युनिकोडमध्ये आला. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये ठरवून दिली. आता दाखल्यावर नाव चुकले, तर दोष यंत्राचा नव्हे. आपण हटकत नाही, हा आपला आहे.