आधी हे इवलंसं नेटवर्क बिघडवून बघा

‘एआयला असं वाटतं की...’ या वाक्याने मी इंटर्नशिपमधली एक बातमी सुरू केली होती. डेस्कवरच्या ताईंनी ‘वाटतं’भोवती लाल गोल केला आणि विचारलं, ‘वाटतं म्हणजे आत नेमकं काय होतं गं?’ मला उत्तर देता आलं नाही. असाइनमेंटपासून ट्रिपच्या प्लॅनिंगपर्यंत सगळं चॅटबॉटला विचारणारी मी, पण त्याच्या पोटात काय चालतं याबाबत पाटी कोरी. तुमचंही फार वेगळं नसावं.

यावर आपला ठरलेला उपाय म्हणजे सर्टिफिकेट कोर्सची फी भरायची, नाहीतर बारा तासांचा व्हिडिओ सेव्ह करून विसरून जायचा. माझं म्हणणं, दोन्ही थोडं बाजूला ठेवा आणि ब्राउझरमध्ये ‘टेन्सरफ्लो प्लेग्राउंड’ उघडा. डॅनियल स्मिलकोव आणि शॅन कार्टर यांनी बनवलेलं हे छोटं न्यूरल नेटवर्क २०१६ पासून सगळ्यांसाठी फुकट आहे. इन्स्टॉल करायचं नाही, लॉगिन नाही, कोडची एक ओळही नाही. फक्त मोबाइलवर नको, स्क्रीन पुरत नाही. कॉलेजच्या लॅबमधला कॉम्प्युटर चालेल.

समोर ठिपके दिसतील. मधोमध निळ्यांचा घोळका, भोवती नारिंगी कडं. दोघांमधली सीमा नेटवर्कने शोधायची. प्ले दाबलं की न्यूरॉन्सना जोडणाऱ्या रेषा जाड-बारीक व्हायला लागतात. ही जाडी म्हणजे त्या जोडणीचं वजन. चूक किती झाली ते मोजायचं, वजनं किंचित बदलायची, पुन्हा मोजायचं. ज्याला आपण मशीनचं ‘शिकणं’ म्हणतो, ते इथे एवढंच आहे. ‘वाटणं’ कुठेच नाही!

सुरुवातीच्या सेटिंगवर हे काही सेकंदांत जमतं आणि ‘भारी!’ म्हणून आपण टॅब बंद करतो. तिथेच चुकतो. खरी मजा बिघडवण्यात आहे. एकच लेअर ठेवा, त्यात दोनच न्यूरॉन. निळ्यांना वेढा पूर्ण पडत नाही, एखादी बाजू उघडी राहते. तिसरा न्यूरॉन दिलात की कुंपण बंद! आता ॲक्टिव्हेशन ‘लिनिअर’ करा आणि हवे तेवढे लेअर वाढवा. सीमा सरळच्या सरळ.

मग ‘एक्सऑर’ नावाचा नमुना घ्या, समोरासमोरच्या कोपऱ्यांत एकाच रंगाचे ठिपके असलेला. मधले सगळे लेअर काढून टाकलेत तर नेटवर्क हात टेकतं. १९६९ मध्ये मार्विन मिन्स्की आणि सेमूर पॅपर्ट यांनी ‘पर्सेप्ट्रॉन्स’ या पुस्तकात एकपदरी नेटवर्कची हीच मर्यादा मांडली होती. आपण ती दोन क्लिकमध्ये बघतो. आता लेअर न देता, डावीकडची एक्स-वन गुणिले एक्स-टूची चौकट चालू करा. लगेच सुटतं. नेटवर्क हुशार झालं म्हणून नाही. काय दाखवायचं हे तुम्ही नीट ठरवलंत म्हणून.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग पुढचा. पुन्हा पहिला गोल नमुना, ट्रेनिंगचा डेटा १० टक्के, नॉइज ५०, दोन लेअर, प्रत्येकी आठ न्यूरॉन. आता वरचे दोन आकडे बघत बसा. ट्रेनिंग लॉस उतरत जातो, टेस्ट लॉस मात्र वरच अडकतो. अपेक्षित प्रश्नसंच पाठ करून गेलेल्याची, प्रश्न जरा फिरवल्यावर होते ती अवस्था (अनुभवाचे बोल आहेत).

माझा इंजिनीअरिंगवाला मित्र म्हणतो, ‘हे खेळणं आहे, जीपीटी-३ मध्ये १७५ अब्ज पॅरामीटर आहेत.’ बरोबर आहे. अर्ध्या तासात चॅटबॉट कळला असा दावा मी करणार नाही. पण ‘आमचं एआय ९५ टक्के अचूक’ असं कुणी सांगितलं, तर आधी मी तो आकडा थेट हेडिंगमध्ये टाकला असता. आता विचारते, हे ९५ टक्के पाठ केलेल्या डेटावरचे की कधीच न बघितलेल्या? उद्या तुमचा अर्ज, तुमचं लोन असं एखादं सॉफ्टवेअर चाळणार असेल, तर हा प्रश्न फक्त कॉम्प्युटरवाल्यांनी का विचारायचा? बीए, बीकॉमवाल्यांनी का नाही?

एक तक्रार आहेच. इथली सगळी बटणं इंग्रजीत. पण एपॉक म्हणजे सगळ्या ट्रेनिंग डेटावरून एक फेरी आणि लर्निंग रेट म्हणजे दर वेळी वजन किती बदलायचं ते, एवढं कळलं तरी गाडी चालू होते.

शेवटचा नमुना स्पायरल, जिलेबीसारखा. फक्त पहिले दोन इनपुट वापरून तो सोडवायला मी दोन संध्याकाळी घालवल्या. एकदा जमला, रीसेट केल्यावर त्याच सेटिंगवर पुन्हा फिसकटला, कारण सुरुवातीची वजनं दर वेळी नवी असतात. लर्निंग रेट १० वर मात्र नेऊ नका. किंवा न्याच एकदा.