डिंकाचं पाणी किती?

गोळ्या वळताना फुटतात, डिंक जास्त घालू का, असं एका मैत्रिणीनं विचारलंय. अगं, मीही तेच केलं होतं! सासूबाईंच्या खोकल्यासाठी सुंठ-मिरीच्या गोळ्या केल्या नि बाभळीचा डिंक सढळ हातानं घातला. महिन्याभरात गोळ्यांचे खडे झाले. चावायला गेल्या नि दाताचा तुकडाच पडला. बाभळीच्या डिंकाची गोळी जुनी होईल तशी टणक होते, उशिरा विरघळते. चघळायची गोळी सावकाश विरघळली तर चालतं. गिळायची मात्र पोटात लवकर फुटायला हवी, नाहीतर औषध लागू कसं पडणार? डिंक रात्री भिजवावा, सकाळी फडक्यातून गाळावा (साली फार असतात). ते पाणी थेंबथेंब घालावं. चूर्ण मुठीत जेमतेम धरलं की पुरे. गोळ्या आठवड्यापुरत्याच वळाव्यात.